पीठ कुणाला धरतं, कुणाला सोडतं



पापडाच्या प्रेसमधून पापड काढताना अर्धा वरच्या कागदाला आणि अर्धा खालच्या कागदाला का राहतो, हा प्रश्न वाळवणाचे दिवस आले की बचत गटांतून हमखास येतो. कुणी म्हणतं पीठ बिघडलं, कुणी म्हणतं तेल कमी पडलं, कुणी म्हणतं जिनं मळलं तिचा हातच तसला. या शेवटच्या कारणावरून गटात रुसवे-फुगवे होतात, हे आम्हाला ठाऊक आहे. मजुरी नगावर असेल तर फाटलेला पापड कुणाच्या खात्यावर टाकायचा, हा काही लहान प्रश्न नाही. फाटलेलं पीठ गोळा करून पुन्हा मळलं तर तेल आणि वाळलेले कण आत जातात, कडा चिरतात, आणि तो पापड पुन्हा फाटतो. एक पापड दोनदा लाटला, पैसे मात्र एकाचेच. म्हणून दोष कुणाचा हे आज बाजूला ठेवू या आणि पीठ नेमकं काय करतं ते बघू या.

कुठल्याही घट्टसर ओल्या पदार्थाला दोन पकडी असतात. एक स्वतःला धरून ठेवण्याची, दुसरी ज्याला लागेल त्याला धरण्याची. पिठाचा गोळा दोन कागदांमध्ये दाबला की सुटायला तीनच जागा उरतात: वरचा कागद आणि पीठ यांच्यामध्ये, खालचा कागद आणि पीठ यांच्यामध्ये, किंवा पिठाच्या पोटात. तिन्हींत जी पकड दुबळी, तिथे ते सुटतं. दोरी जिथं विरलेली असते तिथंच तुटते ना, तसंच.

एवढं लक्षात घेतलं की फाटलेला पापड स्वतःच सांगतो काय चुकलं ते. पुढच्या वेळी कागद फेकू नका, दोन्ही कागद उघडे ठेवून नीट बघा. दोन्हींवर खरखरीत थर आणि मध्ये तारा सुटलेल्या असतील, तर पीठ पोटात फाटलं. म्हणजे कागदाची पकड पिठाच्या स्वतःच्या पकडीपेक्षा जास्त झाली: पीठ सैल आहे, कमी मळलं आहे किंवा उकड कच्ची राहिली आहे. पापड अख्खा आहे पण नको त्या कागदावर गेला, तर पीठ चांगलं आहे, तेलाची वाटणी उलटी झाली. आणि पापडाच्या एकाच ठिकाणी भोक पडत असेल तर त्या जागी कागदाला तेल लागलेलं नाही, चुणी पडली आहे किंवा कालचं पीठ वाळून चिकटलं आहे. तिन्हीला उपाय वेगवेगळे आहेत. आपण मात्र तिन्हीला तेलच ओततो. जास्त तेल पापडात मुरतं आणि ठेवणीत खवट वास येतो, तो तोटा आणखी वेगळा.

आता पाण्याचं बघू. काळ्या रानात पावसाळ्यात चाललेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. कोरडी ढेकळं चपलेला चिकटत नाहीत. पार चिखलाचं पाणी झालेलं असेल तर तेही पायावरून ओघळून जातं. पण पाऊस पडून उघडीप झाली, माती ना ओली ना सुकी अशी झाली, की एकेका चपलेला किलोकिलोची माती लागते आणि फावडं दर चार घावांनी खरडावं लागतं. कारण असं आहे. कोरडी माती टणक असते, चपलेच्या तळाशी ती पसरून बसतच नाही, दहा ठिकाणी टेकते आणि नव्वद ठिकाणी हवा राहते. चिकटायचं तर आधी नीट टेकावं लागतं. थोडं पाणी मिळालं की ती मऊ होऊन तळाच्या बारीक खाचांत शिरते, आणि तरी स्वतःला धरून ठेवण्याइतकी घट्ट असते. तीच सर्वांत चिकट वेळ. आणखी पाणी झालं की टेकते खरी, पण स्वतःची पकड सुटते, मग पोटात तुटते आणि पातळ थर मागे ठेवून जाते.

पिठाचंही तंतोतंत तसंच. म्हणून हाताला चिकटणाऱ्या पिठात पाण्याचा एक हबका मारला तर कधी कधी ते जास्त चिकटतं आणि कधी कधी सुटतं. दोन्ही खरं आहे, आपण त्या चढाच्या कुठल्या बाजूला आहोत त्यावर ते ठरतं.

तिसरी गोष्ट हवेची आहे. धुतलेली स्टीलची ताटं ओलीच एकावर एक ठेवली की नंतर सुटता सुटत नाहीत. पाणी काही डिंक नाही, मग ताटं चिकटतात कशी? व्हिएन्नामधले शास्त्रज्ञ योसेफ श्टेफान यांनी १८७४ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी दोन सपाट चकत्या द्रवात बुडवून एकमेकींपासून ओढल्या. त्यांच्या ध्यानात आलं की चकत्या खरं तर चिकटलेल्या नसतातच. दोन चकत्यांमधली फट मोठी व्हायची तर कडेनं द्रव आत यावा लागतो, आणि अरुंद फटीतून तो सावकाश येतो. हळू ओढलं तर थोड्या जोरानं काम होतं, घाई केली तर जोर भलताच वाढतो. फट निम्मी असेल तर त्याच वेगानं ओढायला आठपट जोर, आणि चकती दुप्पट रुंद असेल तर सोळापट. आकडे गणितातून आले आहेत, पण ओल्या ताटांशी झगडणाऱ्या कुणालाही ते पटतील.

पापडात फटीत शिरायची असते हवा, आणि पीठ तिला वाट देत नाही. आपल्याभोवतीची हवा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब देत असते. चार इंची पापडाचं क्षेत्रफळ धरा अठ्ठ्याहत्तर-ऐंशी चौरस सेंटिमीटर. मध्ये हवा अजिबात शिरलीच नाही, तर वरचा कागद सरळ वर उचलणं म्हणजे जवळपास ऐंशी किलोशी कुस्ती. एवढा जोर लागण्याच्या आतच पीठ पोटात फाटतं, आणि आपण पिठाला नावं ठेवतो.

हवा आत शिरते तीही शिस्तीत शिरत नाही. घरी करून बघा. फरशीचे दोन गुळगुळीत तुकडे घ्या, एकावर तांदळाच्या पिठाची दाट पेज किंवा मुलांचा पोस्टर रंग चमचाभर ठेवा, दुसरा तुकडा दाबा आणि सरळ वर ओढा. दोन्ही तुकड्यांवर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटेल. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण आत टेकलेलं असेल तर तिथंही ही नक्षी दिसते. कडेवरून शिरणारी हवा सपाट आघाडी धरत नाही, ती बोटं काढत आत घुसते. जे बोट जरा पुढे गेलं त्याला पुढची वाट सोपी, म्हणून ते आणखी पुढे जातं आणि मागे राहिलेलं मागेच राहतं. फिलिप सॅफमन आणि जेफ्री टेलर या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये याचं गणित मांडलं. तुम्ही ओल्या उकडीच्या पापडाला चांदणीसारखं भोक पडलेलं पाहिलं असेल, ते बहुधा अशाच एखाद्या बोटाचं काम.

मग करायचं काय? सरळ वर ओढायचंच नाही. कागद एका कडेला धरून स्वतःवरच उलटा दुमडायचा आणि पापडाला जवळजवळ लागूनच मागे मागे न्यायचा, जसा ओला पदर अंगावरून सोडवतो तसा. सरळ ओढताना सगळा पापड एकदम सोडवावा लागतो. दुमडून सोलताना एका वेळी फक्त एक रेघ सोडवावी लागते, आणि हवेला कडेनं मोकळी वाट असते. जोर इतका कमी लागतो की दोन बोटांत काम होतं. त्यासाठी एक कागद तरी मऊ, वाकणारा हवा. वर आणि खाली दोन्हीकडे जाड ताठ पत्रा असेल तर सोलणं जमतच नाही, तिथं मग सरकवून काढायचं.

पहिला कागद सोलताना पापडानं दुसऱ्या कागदाला धरून राहावं असं आपल्याला वाटतं. म्हणजे दोन्हीकडे सारखं तेल हे चूकच. जो आधी सोलायचा त्याला जरा जास्त, दुसऱ्याला नावापुरतं बोट. मग पापड हातावर पालथा घालून दुसरा कागद सोलायचा. हाताच्या तळव्यावर तो ठरतो, कारण तळवा वाकतो आणि सगळीकडे टेकतो.

वेळेचंही आहे. पीठ जितका वेळ दाबून राहील तितकं ते कागदाच्या खाचांत उतरतं. तीन-चार पापड दाबून ठेवायचे आणि मग एकदम सोलायचे, ही सवय सोडावी. दाबला की सोलला. ज्वारीच्या किंवा नाचणीच्या ओल्या पिठाला हात लावतानाही हेच: टेकलं की उचललं, असा हात चालला तर पीठ हाताला येत नाही. तळहात ठेवून विचार करत बसलं की येतं. झटकन उचललं तर दाट पिठाला पसरायला, तारा सोडायला वेळच मिळत नाही, ते एकसंध राहून निघतं. म्हणजे कागद सोलताना एका लयीत, न थांबता सोला. मध्ये थांबलात तर जिथं थांबलात तिथं वळ उठेल.

जोराचा हिशेबही इथंच सांगून टाकतो, कारण खांदे दुखण्याची तक्रार बऱ्याच जणींची असते. घट्ट पीठ तितकंच पातळ करायचं असेल, तर आठ इंची पापडाला चार इंचीच्या दुप्पट नाही, साधारण आठपट जोर लागतो, कारण मधलं पीठ कडेपर्यंत ढकलत न्यायचं असतं. तेल असेल तर पीठ घसरतं आणि जोर बराच वाचतो. तरीही मोठ्या पापडाची मागणी आली तर दांडा लांब असलेला प्रेस घ्या किंवा नगाचा भाव वाढवून मागा. हातदाबाच्या लहान प्रेसवर मोठा पापड दिवसभर काढणं हे मनगट विकण्यासारखं आहे, असं आमचं मत आहे.

भाकरीत मात्र आपल्या आजी-पणजींनी हे सगळं आधीच बसवून ठेवलंय. गव्हाच्या पिठात मळल्यावर जाळं धरणारं ग्लुटेन असतं, ज्वारी-बाजरीत ते नसतं. म्हणून ज्वारीच्या पिठाची स्वतःची पकड, जिला आपण विरी म्हणतो, ती गरम पाण्यानं आणि तळव्याच्या टाचेनं मळून आणावी लागते. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि कणांना एकमेकांशी बांधतो. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग उकळतं पाणी घालावं लागतं हे तुम्हाला माहीत आहेच. परातीत खाली कोरडं पीठ भुरभुरायचं, म्हणजे खालची पकड मुद्दाम दुबळी करायची. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर घेऊन तिला पाणी लावायचं, म्हणजे ते कोरडं पीठ भाकरीत मिसळून जातं, नाहीतर ते करपतं आणि भाकरी चिरते. तवा नीट तापलेला हवा, कारण तापल्या तव्याला टेकताच खालची ओल वाफ होऊन जाते आणि भाकरीला वाळकी पापुद्र्यासारखी कातडी येते. वाळकी कातडी धरत नाही. तवा कोमट असेल तर पीठ ओलंच राहून तव्याच्या खाचांत उतरतं आणि तिथंच शिजतं. शिजलेला स्टार्च म्हणजे खळच. पूर्वी पतंग आणि पाकिटं चिकटवायची खळ आपण तशीच करत होतो.

थालीपीठ ओल्या फडक्यावर थापतात तेही याच कारणानं. ओलं फडकं आणि पीठ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तो सहज सुटतो. फडकं नुसतं दमट असेल तर ते उलट पिठातलं पाणी ओढून घेतं आणि पीठ धाग्यांत रुतून बसतं. उडीदवडा करताना प्रत्येक वड्याला हात पाण्यात बुडवतो, ते याचंच भावंड.

पाणी ओढून घेण्याची ही खोड कुठे मारक, कुठे तारक, हे बघण्यासारखं आहे. भिंत सारवताना किंवा गिलावा करताना आपण आधी भिंतीवर पाणी मारतो. कोरडी भिंत शेणामातीतलं पाणी क्षणात पिऊन टाकते, टेकलेला थर नीट पसरण्याआधीच सुकतो, आणि महिन्याभरात पोपडे पडतात. गवंडी विटा भिजवून घेतो ते त्यासाठीच, आणि भिंत फार गुळगुळीत असेल तर ओरखडे मारतो म्हणजे गिलाव्याला धरायला खाचा मिळतात. आता शाडूच्या गणपतीकडे या. पेणसारख्या गावात हा धंदा पिढ्यांचा आहे. प्लास्टरच्या साच्यात ओली माती दाबतात. साचा कोरडा असतो, तो मातीतलं पाणी पितो, माती किंचित आटते आणि साच्यापासून आपोआप सुटते. भिंतीवर जे नको तेच इथं हवं. साचा दिवसभर वापरून ओलसर झाला की तो मूर्ती सोडत नाही, त्याला उन्हात वाळवावं लागतं. वीट पाडणारे मात्र साच्याला आतून रेती किंवा राख लावतात, म्हणजे परातीतल्या कोरड्या पिठाचीच युक्ती.

वाळवणाला याचा थेट उपयोग आहे. साबुदाण्याचे किंवा तांदळाचे पळीपापड प्लास्टिकच्या कागदावर घातले की वाळताना आटतात, कडा उचलल्या जातात, तिथून हवा शिरते आणि संध्याकाळी हात लावताच निघतात. न निघाला तर खालची बाजू अजून ओली आहे, ओढू नका, राहू द्या. जुन्या धोतरावर किंवा साडीवर घातले तर पेज धाग्यांत शिरून वाळते, ती आटली तरी धागे सोडत नाही. म्हणून फडकं उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवतात, धाग्यांतला थर मऊ झाला की पापड सोलून घेतात आणि पुन्हा उन्हात टाकतात.

कागद कोणता वापरावा, हेही विचारलं जातं. जाडसर, खाण्याच्या वस्तूंसाठी म्हणून विकला जाणारा, छपाई नसलेला प्लास्टिकचा कागद घ्या. गरम उकड तर कुठल्याही पिशवीवर ठेवू नका. वर्तमानपत्र नकोच. त्याची शाई पदार्थाला लागते, आणि अन्न वर्तमानपत्रात बांधू नये असं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं २०१६ मध्येच सांगितलेलं आहे. माल विकायचा असेल तर हे पाळायलाच हवं. कागदाला चिरा-ओरखडे पडले की बदला, पीठ तिथेच धरतं.

ज्या गटांनी रोलरचं यंत्र घेतलं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगतो. रोलरला पीठ चिकटतं तेव्हा ते बोटानं काढायचा मोह होतो. चालू यंत्रात हे कधीही करू नका. जे पीठ रोलरला धरतं ते तुमच्या बोटालाही धरतं, आणि रोलर दोघांना एकत्र आत ओढतो. बोट मागे घ्यायला लागणारा वेळ तो देत नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कुणी येता-जाता चालू करू शकतं, म्हणून प्लग काढायचा, मग लाकडी उलथन्यानं खरडायचं. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या. माल घाईचा आहे म्हणून कुणी आग्रह केला तरी हे बदलायचं नाही. पीठ रोलरला वारंवार येत असेल तर ते सैल आहे किंवा रोलर तापला आहे. दहा मिनिटं यंत्र थांबवून पीठ झाकून मुरू द्या.

राहिलं भांडी घासणं. पीठ लागलेल्या परातीत आणि प्रेसवर सगळ्यांत आधी गार पाणी घाला आणि थोडा वेळ ठेवा, पीठ फुगून स्वतःच सैल होतं आणि पोटात तुटतं. आधीच कढत पाणी ओतलं तर पीठ जागच्या जागी शिजतं आणि आपणच परातीला खळ लावून ठेवतो. गरम पाणी आणि साबण नंतर, तेल काढायला.